वाचकांचे प्रश्न : माघ सरताना डोंगरावरची हवा

मागील अंकात आम्ही हवामानाविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या तालुक्यांतील आहेत, आणि ती सगळी माघ-फाल्गुनातील लहरी हवेविषयी आहेत. मी स्वतः जावळीतल्या एका लहानशा गावात राहतो, भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला आणि या दोन महिन्यांतील हवेने मला दरवर्षी कोड्यात टाकले आहे, त्यामुळे ही पत्रे वाचताना ती शेजाऱ्यांनी पारावर बसून विचारल्यासारखी वाटली. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सात प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

आमची स्ट्रॉबेरी भिलारच्या खालच्या अंगाला, ओढ्यालगतच्या खोलगट रानात आहे. माघाच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे पाने पांढरी झाली आणि दोन दिवसांत फुले काळी पडली. त्या दिवशी वर्तमानपत्रात महाबळेश्वरचे किमान तापमान १० अंश छापले होते. वरच्या टप्प्यावर असलेल्या आमच्या दिरांच्या रानात मात्र काहीच झाले नाही. आकडा चुकला की आमचे काही चुकले?
— एक शेतकरी भगिनी, भिलार

ताई, आकडा चुकलेला नाही आणि आपलेही काही चुकलेले नाही. छापून येणारे तापमान हे जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचे असते. तो तापमापक सावलीतील हवा मोजतो. आपल्या रोपाचे पान त्या पेटीत नसते. ते रात्रभर उघड्या आकाशाकडे तोंड करून असते आणि आपली उष्णता आकाशाला देत राहते. आभाळात ढग असतील, तर त्यातील बरीचशी उष्णता खाली परत येते. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर ती परत येत नाही. अशा रात्री पान हे चार फुटांवरच्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार होते.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आपल्या रानाच्या खोलगटपणात आहे. थंड हवा जड असते, त्यामुळे वारा पडलेल्या रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली सरकते आणि जेथे वाट अडते तेथे साचते. महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा या भागांतून हिमकणांच्या, म्हणजे गोठलेल्या दहिवराच्या, बातम्या दरवर्षी येतात आणि बाजारपेठेतून क्वचितच येतात, याचे कारण हेच आहे, कारण तलावाचा परिसर ही भोवतालच्या उंचवट्यांची परात आहे. मी काही वर्षे माझ्या घराच्या अंगणात एक आणि खाली ओढ्याकाठच्या वाफ्याजवळ एक असे दोन तापमापक ठेवत होतो. चालत जाण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत एवढेच त्यांतील अंतर, तरी स्वच्छ आणि निवांत पहाटे खालचा तापमापक चार-पाच अंश कमी दाखवत असे. ढगाळ रात्री दोन्ही जवळजवळ सारखे असत. आपल्या दिरांचे रान वरच्या टप्प्यावर आहे, म्हणजे त्यांच्या रानातील थंडी रात्री वाहून आपल्याकडे येते, आणि आपल्याकडून पुढे जाण्यास तिला वाट नाही.

आता नुकसानीविषयी. पान पांढरे झाले म्हणून घाबरू नये, कारण स्ट्रॉबेरीचे पान पुष्कळ सोसते. खरा फटका उमललेल्या फुलाला बसतो आणि तो पहाटे दिसत नाही. दुपारी एखादे फूल चिमटीत धरून पाहावे. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र आणि मधला पिवळा गोंडा मात्र काळा पडलेला दिसला, तर त्या फुलाचे फळ होणार नाही हे नक्की समजावे. पानाआड दडलेल्या मिटल्या कळ्या आणि कच्ची हिरवी फळे बऱ्याचदा वाचतात, म्हणून रोपे उपटण्याची घाई करू नये. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत साधारण एक महिना लागतो. त्यामुळे त्या एका पहाटेचा परिणाम आपल्याला महिन्याभराने, तोडणीतला काही दिवसांचा खंड म्हणून जाणवेल आणि त्यानंतर पुन्हा फळ सुरू होईल. त्या खंडात मजुरी आणि पनेटच्या डब्यांची आगाऊ मागणी कमी ठेवावी, एवढे नियोजन आजच करता येईल.

पुढच्या वेळी काय करावे, हेही आपण विचारले आहे. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि अंधार पडताच गारठा झपाट्याने वाढू लागलेला, अशी तीन लक्षणे एकत्र दिसली, तर ती रात्र धोक्याची समजावी. त्या दिवशी दुपारीच ठिबक चालवून माती ओली ठेवावी, कारण ओली माती दिवसाची उष्णता कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवते आणि रात्री सोडत राहते. क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर घालायचे पातळ आच्छादन, असल्यास ते सूर्यास्तापूर्वी गादीवाफ्यावर पसरून त्याच्या कडा मातीने दाबाव्यात आणि सकाळी ऊन चढल्यावर ते न विसरता काढावे, कारण दिवसभर झाकलेल्या रोपांवर मधमाशी पोहोचत नाही आणि आत दमटपणा साचून करड्या बुरशीला आयतेच घर मिळते. रानाच्या खालच्या बाजूला दाट कुंपण असेल, तर त्यात दोन-तीन ठिकाणी मोकळी वाट ठेवावी, म्हणजे साचलेली थंडी ओढ्याकडे निघून जाईल. हा उपाय सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत कमी लोक तो करतात.

ओला पाला पेटवून धूर करण्याची पद्धत आपल्याकडे आहे, परंतु तिच्यावर माझा विश्वास नाही. जमिनीतून निघणारी उष्णता अडवण्याइतका धूर जाड नसतो. जी काही ऊब मिळते ती विस्तवाची असते, आणि वाळलेल्या गवताच्या दिवसांत विस्तव किती महाग पडतो ते पाटणच्या पत्रावरून पुढे दिसेलच.

महाबळेश्वर इतक्या उंचावर असूनही कित्येक दिवशी वर्तमानपत्रात पुण्याचे किमान तापमान महाबळेश्वरपेक्षा कमी का असते? आमच्या साताऱ्यातही पहाटे अंगात हुडहुडी भरते आणि वरून आलेले पाहुणे म्हणतात की तिकडे एवढी थंडी नव्हती.
— एक वाचक, सातारा

पाहुणे खरे बोलतात. जानेवारीतील पुण्याचे सरासरी किमान तापमान सुमारे ११ अंश, तर महाबळेश्वरचे १३ ते १४ अंशांच्या आसपास असते. महाबळेश्वरचे पठार सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे, परंतु त्याच्या कडा चहूबाजूंनी तुटलेल्या आहेत, त्यामुळे रात्री तेथे तयार झालेली थंड हवा पठारावर थांबत नाही, तर कृष्णा, वेण्णा, कोयनेच्या खोऱ्यांत उतरते. शिवाय उंचावर वारा सहसा पूर्ण पडत नाही आणि तो वरची व खालची हवा मिसळत राहतो. वेण्णा नदी महाबळेश्वराहून निघून मेढ्यावरून येते आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेस मिळते. रात्रीची थंडीही त्याच उताराने खाली येते असे म्हणावयास हरकत नाही.

महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण ठरले ते दुपारच्या हवेमुळे. हजार मीटर चढल्यावर हवेचे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि कोरड्या दुपारी ही उतरण त्याहूनही अधिक असते. सातारा आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत सुमारे ६०० मीटरचा फरक आहे. म्हणजे साताऱ्यात दुपारी घाम येत असताना वर किमान चार अंश कमी असतात. पहाटेचा हिशेब वेगळा आणि दुपारचा वेगळा, हे एकदा ध्यानात घेतले की दोन्ही आकडे खरे वाटू लागतात.

आमच्या लहानपणी होळी पेटली की थंडी संपत असे. आता एका आठवड्यात स्वेटर, पंखा आणि छत्री अशा तिन्ही वस्तू काढाव्या लागतात. ऋतूंचे गणित खरोखरच बिघडले आहे काय?
— एक निवृत्त तलाठी, मेढा

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे केले पाहिजेत.

पहिला प्रश्न हवा अशी उलटसुलट का होते, हा आहे. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेच्या प्रणाली, हिवाळ्यात काश्मीर आणि हिमाचलात बर्फ पाडतात. एखादा विक्षोभ पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेकडील कोरडे थंड वारे मध्य प्रदेश ओलांडून महाराष्ट्रात उतरतात आणि आपल्याकडे दोन-चार दिवस कडाका पडतो. मग वाऱ्याची दिशा बदलते. तो पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून वाहू लागला की बंगालच्या उपसागरावरचा दमटपणा येतो, आभाळ भरते आणि ढगांची गोधडी पांघरल्यामुळे रात्र उबदार होते. ढग निवळले की पुन्हा पहिला अध्याय सुरू होतो. जानेवारीतही हे चक्र चालूच असते, परंतु तेव्हा सूर्य दक्षिणेकडे असल्याने दुपार फार तापत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन उभे होऊ लागते, रान वाळलेले असते, जमिनीतील ओल संपलेली असते, म्हणून दुपार तापते आणि रात्र मात्र अजून हिवाळ्यातच असते. एका दिवसात १५ अंशांचा फरक पडतो तो यामुळे. आपल्या डोंगरकड्यावर त्यात आणखी एक भर पडते. मार्चमध्ये कोकण तापले की दुपारी समुद्रावरची दमट हवा पोलादपूरच्या बाजूने कडा चढून वर येते, आणि मग आंबेनळी घाटाच्या माथ्यावर ढग आणि मेढ्यात कडक ऊन असे दृश्य एकाच वेळी दिसते.

दुसरा प्रश्न पूर्वी हे नियमित होते काय, असा आहे. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करीत जाते आणि होळी जळाली की थंडी पळाली, ही वचने मीही आजीच्या तोंडून ऐकली आहेत, आणि ती पिढ्यानपिढ्यांच्या निरीक्षणातून आली आहेत, याविषयी मला शंका नाही. परंतु आपले सण चंद्रावर चालतात आणि ऊन सूर्यावर चालते. २०२४ साली महाशिवरात्र ८ मार्चला आणि होळी २४ मार्चला होती, तर २०२५ साली हेच दोन सण २६ फेब्रुवारी आणि १३ मार्च या दिवशी आले. एका वर्षात दहा-अकरा दिवसांचा फरक पडला, आणि अधिक मास येईपर्यंत तो वाढतच जातो. ज्या वर्षी होळी मार्चच्या आरंभी येते, त्या वर्षी ती जळाल्यानंतरही आपल्या खोऱ्यात चांगली थंडी उरते. ते वचन त्या वर्षी खोटे ठरले असे म्हणण्यापेक्षा होळी लवकर आली असे म्हणणे अधिक योग्य होईल. पंचांगात वसंत चैत्र-वैशाखात असतो, आणि हवामान विभाग जानेवारी-फेब्रुवारीला हिवाळा आणि १ मार्चपासून मेअखेरपर्यंतच्या काळाला पूर्वमोसमी काळ मानतो. माझ्या मते डोंगरातील वसंत या दोहोंनाही विचारून येत नाही. पांगाऱ्याची पाने झडून लाल फुले लागली आणि काटेसावरीखाली सकाळी पक्ष्यांचा गलका सुरू झाला, की तो आलेला असतो.

हवामानबदल होतो आहे, हे शास्त्रज्ञांनी दीर्घ नोंदींवरून दाखवून दिलेले आहे आणि ते मी मनापासून मानतो. तथापि एका चमत्कारिक आठवड्यावरून तसा निष्कर्ष काढू नये. हवामानाची सरासरी ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात, आणि माणसाची आठवण मोठ्या थंडीला आणि मोठ्या पावसालाच जपून ठेवते, मधल्या साध्या दिवसांना नाही. आपण तलाठी होता, पीकपाहणीच्या नोंदी आपण स्वतः लिहिल्या आहेत, म्हणून लेखी नोंद आणि तोंडी आठवण यांतील फरक मी आपणास सांगण्याची गरज नाही.

आमच्या वाडीवर दर फाल्गुनात डोंगराचे गवत पेटवतात. जाळले की नवे गवत जोमाने येते, असे जुने लोक सांगतात. गेल्या वर्षी आग गोठ्याच्या मागे रचलेल्या गंजीपर्यंत आली. कोणता दिवस धोक्याचा, हे हवेवरून ओळखता येते काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कोयना खोरे, ता. पाटण

ओळखता येते, आणि आपण हा प्रश्न विचारला याबद्दल मला फार बरे वाटले.

पहाटे गवतावर दहिवर असते तोवर काडी सहजासहजी पेटत नाही. ऊन चढल्यावर दहा-अकराच्या सुमारास गवत कोरडे होते, आणि त्याच सुमारास उतार तापून वारा खोऱ्यातून डोंगराकडे वाहू लागतो. दुपारी बारापासून पाचपर्यंतचा काळ सर्वांत वाईट. सपाटीवरची आग आणि उतारावरची आग यांत मोठा फरक असतो, कारण उतारावर ज्वाला वरच्या गवतावर झुकते, ते आधीच भाजून ठेवते आणि मग एका झेपेत पकडते, म्हणून डोंगर चढणाऱ्या आगीपुढे माणसाला पळता येत नाही. तिच्या वरच्या बाजूला कधीही उभे राहू नये. आकाश अगदी स्वच्छ, पहाट दवाविना कोरडी आणि सकाळपासूनच वारा, असा दिवस उगवला, तर त्या दिवशी शेतातील पालापाचोळाही पेटवू नये.

एका फाल्गुनात आमच्या समोरच्या दांडावर वणवा लागला होता. दुपारभर गवत तडतडत होते आणि धूर माथ्यावरून पलीकडे जात होता, म्हणून आम्ही गावात निर्धास्त होतो. सूर्य मावळला, वारा पडला आणि अर्ध्या तासात तोच धूर उलटा फिरून ओढ्याच्या वाटेने थेट गावात उतरला. भिलारच्या ताईंच्या रानात थंडी ज्या वाटेने येते, त्याच वाटेने तो आला. त्या रात्री लहान मुलांना घेऊन कित्येक घरे मंदिराच्या वरच्या माळावर जाऊन बसली. राखेचे काळे तुकडे माझ्या अंगणातल्या तुळशीवर पडले होते, ते मी अजून विसरलेलो नाही.

जाळल्याने गवत जोमाने येते, हा समज अर्धवट आहे. राखेवर पहिल्या पावसात हिरवा कोंब लवकर दिसतो, म्हणून तसे वाटते. परंतु जांभूळ, हिरडा, अंजनीची रोपटी त्या आगीत मरतात, जमिनीवर घरटी करणारे पक्षी मरतात आणि उघडी पडलेली माती जूनच्या पहिल्या मोठ्या सरींबरोबर ओढ्यात जाते. ज्या खोऱ्यात पाऊस हजारो मिलिमीटरमध्ये मोजतात, तेथे मातीवरचे पांघरूण जाळणे हे आपले आपण केलेले नुकसान आहे. शिवाय वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वाडीतील तरुणांनी वनरक्षकांना सोबत घेऊन, गवत पुरते वाळण्यापूर्वीच गावाभोवती आणि गंजीभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा गवत नसलेला मोकळा पट्टा, काढून घ्यावी. निम्मे गवत कापून वैरणीसाठी आणले, तरी जाळण्यासारखे फारसे उरत नाही, हे मी जुन्या लोकांना नम्रपणे सांगू इच्छितो.

उन्हाळा सुरू होत असताना आकाशातून बर्फ कसा पडतो, असे मुले विचारतात. गारा वेचायला ती टेबल लँडवर धावतात. त्यांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, पाचगणी

मुलांना प्रथम हे सांगावे की गारा वेचण्याची गंमत ढग पूर्ण निघून गेल्यावरच करावयाची आहे. टेबल लँडसारख्या विस्तीर्ण उघड्या पठारावर उभे असलेले मूल हीच तेथील सर्वांत उंच वस्तू असते, आणि गारांचा ढग हा विजेचाही ढग असतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजावेत. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो, म्हणून ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा मोजणीही थांबवावी आणि पक्क्या इमारतीत जावे. एकट्या झाडाखाली उभे राहू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप आपल्या भोवतालच्या विजेची सूचना देते. ते शाळेतील किमान एका मोबाइलवर असावे.

आता बर्फाविषयी. जमीन तापलेली, खालची हवा दमट आणि वरची हवा कोरडी व फार थंड, अशी स्थिती जुळली की दमट हवा जोराने वर उसळते आणि ढग काही किलोमीटर उंच वाढतो. जमिनीपासून चार-पाच किलोमीटर वर गेले की भर मार्चमध्येही तापमान शून्याखाली असते. पाण्याचे थेंब तेथे गोठतात, वर चढणारी हवा त्यांना खाली पडू देत नाही, त्यांच्यावर पाणी लागत आणि गोठत जाते, आणि वजन पेलेनासे झाले की ते गारा होऊन कोसळतात. मोठी गार मधोमध कापून मुलांना दाखवावी, आत कांद्यासारखे पांढरे आणि पारदर्शक पदर दिसतात. मैदानापेक्षा डोंगरावर गारेला कमी अंतर पडावे लागते, त्यामुळे वाटेत ती कमी वितळते. २०१४ साली फेब्रुवारीअखेर आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने गहू, हरभरा, द्राक्षे आणि संत्री यांची जी नासाडी केली, ती पालकांना आठवत असेल. मुलांना गारेचे शास्त्र सांगताना तिने झोडपलेल्या रानाविषयीही दोन शब्द सांगावेत.

सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आमच्याकडे आहेत. आभाळ आले आणि गारठा पडला की माश्या दोन-दोन दिवस बाहेर येत नाहीत. काळजी करावी काय?
— एक मधपाळ, महाबळेश्वर तालुका

दोन दिवसांची काळजी नसावी. मधमाश्या गारठ्यात एकमेकींना बिलगून पेटीतली ऊब राखतात, म्हणून अशा दिवशी पेटी उघडून पाहू नये. गारठा आठवडाभर टिकला आणि पेटी उचलताना हलकी लागली, तर साखरेचा पाक द्यावा. पेटीचे दार पूर्वेकडे असावे, म्हणजे सकाळचे ऊन लवकर मिळते, आणि पेटी खोलगट जागी ठेवू नये, त्याचे कारण वर आलेच आहे. जांभळाचा आणि पुढे अंजनीचा फुलोरा आता जवळ आला आहे, त्यामुळे वसाहत या दिवसांत सशक्त राहिली पाहिजे.

आपल्या प्रश्नाचा एक धागा स्ट्रॉबेरीवाल्यांशी जोडलेला आहे. स्ट्रॉबेरीच्या फळावर दिसणारा प्रत्येक बारीक दाणा वेगळा फळतो आणि ज्या बाजूला पराग पोहोचला नाही ती बाजू वाढत नाही. ढगाळ गारठ्याच्या दिवसांनंतर काही आठवड्यांनी वाकडी, एका अंगाने चेपलेली फळे येतात, ती रोगट नसतात, त्या दिवशी माशी आलेली नसते. २०२२ साली मधाचे गाव म्हणून घोषित झालेले मांघर याच तालुक्यात आहे. तेथील पेट्या आणि भिलारचे वाफे यांचा जमाखर्च एकच आहे, असे समजून फवारणी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावरच करावी, अशी बागायतदारांना माझी कळकळीची विनंती आहे.

मी आठवीत आहे. मला आमच्या गावाचे हवामान रोज लिहून ठेवायचे आहे. काय काय लागेल?
— एक विद्यार्थिनी, तापोळा

तुझे पत्र मी सर्वांत शेवटी ठेवले, कारण वरच्या सगळ्या उत्तरांना तुझ्या वहीची गरज आहे. छापून येणारा आकडा महाबळेश्वरचा असतो, तापोळ्याचा नसतो. तुझे गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आणि पठारापेक्षा कितीतरी खाली आहे. पाणी रात्री जमिनीपेक्षा हळू निवते, म्हणून काठावरची पहाट कशी असते, हे तूच आम्हाला सांगू शकशील.

कमाल आणि किमान दोन्ही दाखवणारा एक तापमापक आईबाबांना सांगून आणून घे. तो भिंतीला लावू नकोस, कारण भिंत दिवसाची उष्णता रात्री सोडते. मोकळ्या जागी खांब पुरून, जमिनीपासून चार फुटांवर, वरून ऊन आणि पाऊस लागणार नाही आणि बाजूंनी वारा खेळेल, अशा पांढऱ्या रंगवलेल्या खोक्यात तो टांग. दुसरा स्वस्तातला तापमापक मिळाला, तर तो खालच्या वाफ्यात गवताच्या उंचीवर ठेव. रोज सकाळी ठरलेल्या एकाच वेळी दोन्ही वाच आणि लगेच वहीत लिही, आठवणीवर ठेवू नकोस. एखाद्या दिवशी वाचायचे राहिले, तर ती जागा कोरी ठेव, अंदाजाने भरू नकोस.

आकड्यांशेजारी चार गोष्टी शब्दांत लिही : आभाळ कसे होते, वारा कोणत्या बाजूने होता, गवत ओले होते की कोरडे, आणि जलाशयावर धुके होते काय व ते किती वाजता उठले. थंड पहाटे पाण्यावरून वाफेसारखे धुके उठताना तू पाहिले असशील. पाणी उबदार आणि वरची हवा गार असली की ते होते, त्यामुळे धुक्याच्या दिवशीचे आकडे विशेष लक्ष देऊन पाहा. घराजवळचा एक पांगारा आणि एक जांभूळ निवडून त्यांचे पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले तेही नोंद. तारीख मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिही, म्हणजे पुढच्या वर्षी मेढ्याच्या आजोबांच्या प्रश्नालाही तुझ्याकडे उत्तर असेल. चैत्र पाडव्यापर्यंतची पाने लिहून झाली की त्यांची प्रत माझ्याकडे पाठव. मी ती माझ्या जावळीच्या वहीशेजारी ठेवून पाहीन आणि दोन्ही गावांच्या पहाटेत काय फरक दिसला, ते या सदरात छापू.